वरमाईला कोरड्यास

जळकोटच्या शिवगंगाकाकूंनी आजवर शंभरेक लग्नांचा स्वयंपाक केला. रुसलेली वरमाई जेवायला कशी बसवायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे. त्यामुळं पुतण्या विरेशनं बाटली दाखवून 'वर्मेंटिनो' म्हटलं, तेव्हा त्यांना एवढंच ऐकू आलं.

"वरमाई? कुणाची?"

"काकू, वाईन हाय. इटलीची, पांढऱ्या द्राक्षांची. उद्या येणाऱ्या पाहुण्यांच्या मळ्यातली. थंड करून ठिवा म्हणून आधीच धाडली त्यांनी."

विरेशनं हायवेलगतच्या शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. तिथली चूल काकूंची, आणि त्या चुलीजवळ अंडंसुद्धा फिरकत नसे. पण बाटलीसोबतच्या कागदावर वाईनसंगं खायला मासे लिहिलेले.

विरेश चाचरत म्हणाला, "सोलापूरचा एक आचारी बघून ठिवलाय."

"मासा आत आला की म्या भायेर," काकू गळ्यातल्या लिंगाला हात लावून हळूच म्हणाल्या. शेवटी ठरलं, दुपारचं जेवण काकूंचं. पाहुण्यांना रुचलं नाही, तर रात्रीपासून चूल आचाऱ्याची.

"चवीला कशी हाय ती?"

"ड्राय. म्हंजे कोरडी, गोडी न्हाई. आंबट, जराशी खारट, शेवटाला कडू बदामावानी."

"तुला काय ठावं?"

"दोन बाटल्या हुत्या. एकीचं बूच ढिलं निघालं."

"आपोआप?"

"सांडाया नको म्हून जरा..."

काकूंनी उरलेली बाटली त्याच्या हातून काढून घेतली. मग विचाराला लागल्या. थंड, आंबट, कोरडी आणि शेवटाला कडू. अशा बायका त्यांनी मंडपामंडपांत हाताळल्या होत्या. हिच्यापुढं तिखट मांडलं तर भांडण जुंपणार. गोड मांडलं तर ही आणखीच आंबट होणार. मऊ, खमंग, जरा नमतं घेणारं काहीतरी हवं. आणि कोरडी आहे म्हटल्यावर कोरड्यास आलंच. कोरड्या भाकरीसंगं खायच्या पातळ भाजीला आपल्याकडं कोरड्यासच म्हणतात, मग वाईनला वेगळं काय?

सकाळी नागप्पा गड्यानं हरभऱ्याचे डहाळे आणून टाकले. काकूंनी त्यातले हिरवे दाणे, म्हणजे सोलाणे, भाजून ओबडधोबड वाटले. जिरं-लसणाच्या फोडणीत दाण्याचं कूट घालून पातळ शिजवले. मिरची एकच, तीही आख्खी, वास देऊन बाहेर काढलेली. वर लोण्याचा गोळा, सोबत ज्वारीची पातळ भाकरी. आधी महादेवाला नैवेद्य, मग वरमाईचा मान.

पाहुणे म्हणजे एक म्हातारं जोडपं. म्हाताऱ्यानं घास घेतला, वर घोटभर वाईन घेतली आणि चावायचा थांबला. मग म्हातारा बायकोला बराच वेळ काहीतरी सांगत बसला, आणि ती खळखळून हसली.

त्यांच्यासोबत आलेल्या द्राक्षसल्लागार अर्पितामॅडम म्हणाल्या, "काकू, ते म्हणतात, त्यांच्या गावी घरात ह्या वाईनसोबत हरभऱ्याच्या पिठाची पोळीच खातात. कागदावरचे मासे गिऱ्हाइकांसाठी."

"मग आधीच लिवायचं की तसं," काकू म्हणाल्या.

म्हातारीनं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. तेवढ्यात विरेश बाहेर जाऊन आचाऱ्याला फोन लावून आला.

"येऊ नको म्हटलं त्याला."

"येऊ दे की जेवाया," काकू पुढची भाकरी थापत म्हणाल्या. "रिकाम्या हातानं ये म्हणावं फकस्त."