सहा बुरुजांची क्रूझर आणि मधला शुक्रवार

साल १९५७. शनिवारी सुपरवायझरला उत्तर द्यायचं होतं: वर्कशॉपमध्ये आलेली नवी स्वयंचलित लेथ शिकणार, की स्टोअरमध्ये बसणार? जुनी लेथ मी मुंबईत नुसती बघून बघून शिकलो, कुणाला गुरू केलं नाही. आता या वयात शिकवणीला बसायचं? स्टोअरच म्हणणार होतो. मधला शुक्रवार सुट्टीचा आणि कुवेतच्या बंदराबाहेर अमेरिकन क्रूझर, म्हणजे युद्धनौका, नांगरलेली. निघालो.

आम्ही राहतो त्या फहाहीलहून कुवेत शहराला शेअर टॅक्सी मिळते. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, तेव्हा सकाळीच गाठा. तोंडाला रुमाल हवा. रस्ता डांबरी असला तरी रेती त्याला जुमानत नाही. बंदराजवळ गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, उसळ आणि चहा रुपयात होतं. रुपया इथे आपलाच चालतो.

दाऊदभाई तांडेल आमच्या रत्नागिरीकडचे. त्यांची लाँच त्या जहाजाला भाजी पोचवते, तीत बसलो. स्टोअरचं त्यांना आधीच सांगितलं होतं. पाणी उथळ, म्हणून मोठी जहाजं लांब उभी राहतात. वाटेत त्यांना समजावलं, "लाइट क्रूझर म्हणतात, पण ही हलकी नाही. लाइट म्हणजे तोफा सहा इंची. महायुद्धानंतर पुरी झालेली. सहा बुरूज, प्रत्येकात दोन तोफा, यंत्रानं भरायच्या. जहाजावरही मारतात, विमानावरही."

"एवढ्या तोफा आभाळात?" दाऊदभाई हसले. "चांद पाडायचाय काय, मिस्त्री?"

जवळ गेल्यावर बुरूज मोजले. पुढे तीन, मागे तीन. एकावर तेलपाणी चाललं होतं. बघता बघता त्याच्या दोन्ही नळ्या उचलल्या गेल्या, जवळजवळ सरळ वर. ना धक्का, ना खरखर. त्या नळ्या उचलणारे आतले गिअर कापणाऱ्याचे हात बघावेसे वाटले.

"बरं," दाऊदभाई सुकाणू न सोडता म्हणाले, "चांदाला सांगून ठेवतो."

शिडीखाली पोती उतरवून घेणाऱ्या खलाशाला मी माझ्या इंग्रजीत विचारलं, "किती विमानं पाडलीत?"

"मी आल्यापासून एकही नाही. आता जेट आली, पुढे क्षेपणास्त्रं. घरी पोचलो की हिला कामातून काढून गोदीत बांधून ठेवणार."

"इतकी नवी असून?"

"दहा वर्षंही नाही झाली," तो म्हणाला आणि पुढचं पोतं ओढलं.

मी त्या नळ्या पुन्हा पाहिल्या. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. तरी बांधून ठेवणार.

परतताना बंदरावर जुबैदी घ्या, म्हणजे आपलं पापलेट. दुपारनंतर भाव उतरतो. ते निवडताना दाऊदभाईंनी विचारलं, "मग, उद्या स्टोअर?"

"मासा बघा आधी," मी म्हटलं.

घरी आलो ते कपड्यांत रेती आणि डोळ्यांपुढे त्या वर उठलेल्या नळ्या घेऊन. स्टोअर म्हणजे आपली गोदीच; शनिवारी सुपरवायझरला लेथ म्हणून सांगितलं. शिकवणारा माझ्याहून बराच लहान, डिप्लोमावाला. त्यानं अदबीनं विचारलं, "कुठून सुरू करायचं, मिस्त्री?"

"गिअरवरचं झाकण काढा," मी म्हटलं. "आत काय आहे ते दाखवा."