न मोजलेली मेंढरं

"आरं बाळ्या, उतरीव त्या किटल्या! दुधाचं लोणी व्हायला लागलं की!" आबा असे ओरडले की इंदापूरच्या स्टँडवर एसटी दचकून थांबली असणार. बाळूनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या पोरानं, निमगाव केतकीच्या घरापुढं लिंबाला दुधाची एक किटली टांगली होती आणि तिच्याखाली दोरीनं दुसरी. झोका देताच वरची बिचकली, खालची पिसाळली. माझ्या नाकाला वारा घालून गेली ती आबांचा फेटा उडवूनच परतली.

"दोन कोन धर," फेटा झटकत बाळू मला म्हणाला. "एक्स-वायच्या मागं पळू नगं. गतीच्या ऊर्जेतनं उंचीची ऊर्जा वजा कर, फुडं गणितच तुला हाताला धरून नेतंय."

गेल्या महिन्यात काविळीनं बाळू गेला. निरोप आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर तेच दोन लंबक काढत होतो... खडू तिथंच ठेवला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बारामतीला फिजिक्सच्या एम.एस्सी.ला होतो. मी भिगवणच्या मासळीवाल्याचा, तो मेंढरांच्या घरातला. सर फळ्यावर अडले की सगळा वर्ग बाळूकडं बघायचा, आणि सरही. एसटीच्या काचेवरच्या धुळीत त्यानं ग्रहांच्या कक्षा सोडवल्या, तेव्हा कंडक्टरनं ती काच आठवडाभर पुसू दिली नाही. हे मी शपथेवर सांगतो. कंडक्टर कदाचित नाकारेल.

मी मात्र यामिकीच्या पेपरात आपटलो होतो. "पुन्हा नापास झालास तर मासळी कापायला बस," म्हणून वडिलांनी माझ्यासाठी वेगळी सुरी धार लावून ठेवली होती. परीक्षेच्या तोंडावर लंबक कसेबसे जमले, पण क्षेत्र सिद्धांत, म्हणजे फील्ड थिअरी, काही केल्या डोक्यात शिरेना. गोळ्या-स्प्रिंगांची माळ समजायची. गोळे अगणित झाले, त्यांच्यातलं अंतर संपलं, की माझी अक्कलही संपायची.

बाळूनं मला माळावर नेलं. वंशपरंपरेचा मोठा कळप ऊस आल्यावर आटला होता, तरी बरीच मेंढरं होती. मी सवयीनं बोट नाचवत मोजायला लागलो. आबांनी काठीनं माझं बोटच खाली दाबलं.

"मेंढरं लक्षुमी हायेत. मोजत न्हाय आमी."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"कळप येगळा दिसतो."

बाळू एकदम माझ्याकडं वळला. त्याचे डोळे असे चमकले की माळावर दुपार दोनदा झाली. कुत्र्याला त्यानं एका कडेला सोडलं. कुत्रं भुंकलं, कडेची मेंढरं शेजारच्यांवर रेलली, ती पुढच्यांवर... आणि धक्का लाटेसारखा पार पलीकडच्या टोकाला पोचला. मेंढरं मात्र जागच्या जागीच.

"बघ! चाललं काय? मेंढरू का?"

"न्हाय. धक्का."

"मग मेंढरं कशाला मोजतोस? आबावाणी बघ. कुठल्या जागी, कुठल्या घडीला किती दाटी, एवढंच धर. फील्ड म्हंजे दुसरं काय असतंय गड्या?"

पेपरात तोच प्रश्न आला. डोळे मिटले, माळ दिसला, पानं भरली. पास झालो. उजनी धरणातले मासे अजून बाळूला दुवा देतात. मी पुण्याला शिकवायला लागलो. बाळू मुद्दाम इंदापूरच्या कॉलेजात राहिला. "पुण्यात कळप कुठं हाय?" म्हणायचा.

परवा निमगावला गेलो. लिंबाला दोरीचा वळ अजून आहे. वहिनी, बाळूची बायको, चहाचा ट्रे ठेवून आमच्यात बसल्या. आबा, वहिनी आणि मी, कप चार. मला राहवलं नाही.

"आबा, एक कप जास्त आलाय..."

आबांनी कपाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मोजत न्हाय आमी."