खलासचं पिल्लू

डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे सरळच सांगते.

इथे बहरीनला, झिंजमध्ये आमच्या बिल्डिंगमागे एक मोकळा प्लॉट आहे. मालक हो म्हणाला, म्हणून आम्ही सात-आठ मराठी घरांनी शुक्रवारी सकाळी तिथे फळझाडं लावायला घेतली. लिंबू, डाळिंब, बोर. गल्लीत जुनं घर एकच उरलं होतं, एका बहरिनी म्हाताऱ्याचं. सगळे त्यांना हाजी म्हणायचे. बाकीच्या घरांच्या जागी केव्हाच फ्लॅट उभे राहिले. हाजींचंही मुलांनी विकायला लावलं होतं आणि अंगणातलं त्यांच्या वडिलांनी लावलेलं खजुराचं झाड पडणार होतं. म्हणून त्याच्या बुंध्याशी फुटलेलं एकुलतं एक पिल्लू काढून त्यांनी आमच्याकडे आणलं. स्वतः खड्ड्यात उतरून लावलं. झावळ्या गोळा करून बांधल्या, वर गोणपाट गुंडाळलं. वर्षभर मेल्यासारखं दिसेल, पण पाणी सोडू नका, म्हणाले. जात विचारली, तर खलास. इथला सगळ्यात गोड खजूर.

पाट्या लिहायचं काम माझं. त्या मराठीतच हव्यात हा हट्टही माझाच, म्हणजे इंग्रजीत उत्तरं देणारी आमची कार्टी निदान एवढं तरी वाचतील. खजुराला ‘खजूर’ काय लिहायचं, दिसतंच की! मी ऐटीत नुसतं ‘खलास’ लिहिलं.

जुलैत रजेवर पुण्याला गेले. परत येऊन बघते तर खड्डा रिकामा. आमच्या ग्रुपच्या स्वयंघोषित सेक्रेटरीने पिल्लू उपटून कचऱ्यात टाकलं होतं. हा गृहस्थ लावायच्या दिवशी फोटोपुरता आला आणि सटकला. दर वर्षी मुंबईला जाताना बॅग भरून खलासचे डबे नेतो, पण झाड ओळखायची अक्कल नाही! मी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. पाणी घालायला न जाणाऱ्यांनाही सोडलं नाही.

तो शांतपणे म्हणाला, “ताई, पाटी तुमचीच ना? मला वाटलं, मेलं म्हणून तुम्हीच लिहून गेलात. मधला कोंब हिरवा दिसत होता, पण म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं.”

मग त्याच्याहून जास्त स्वतःचा संताप आला. दोन शब्द लिहायला माझे हात झिजले असते का? आणि याला हिरवा कोंब दिसला, तर पुण्याला एक मेसेज टाकता आला नसता?

तोवर हाजींचं घर पाडून झालं होतं, झाडासकट. ते मुलाकडे रिफाला राहायला गेले होते. पुढच्या शुक्रवारी मुलाच्या गाडीतून पिल्लू बघायलाच आले. मी खाली धावले. ते खड्ड्याच्या कडेला उभे होते. मग त्यांच्या मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, “अंदर हरा था?”

आठवडाभर सगळ्यांना फाडून खाणारी मी.

“नहीं हाजी,” मी म्हणाले. “पूरा सूख गया था.”

त्यांनी मान हलवली. मग मलाच समजवायला लागले. यंदा उन्हाळाच वाईट होता, तुम्ही पाणी घातलंत, तुमचा काय दोष. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.