कराड स्थानकात उभी असलेली मालगाडी

माझ्याविषयी सध्या तीन हकिकती सांगितल्या जातात आणि तिन्ही मला अमान्य आहेत. पहिली माझ्या मुलाची. घटना घडली तेव्हा तो सांगलीत होता, तरी सर्वाधिक तपशील त्याच्याकडेच आहेत. दुसरी शेजारच्या निवृत्त सुभेदारांची. तिसरी माझ्या पत्नीची. ती खोडताना मला सर्वांत जड जाणार आहे, म्हणून तिच्याकडे शेवटी येईन.

मी पुणे-मिरज मार्गावर स्टेशनमास्तर होतो. तेव्हा एकेरी मार्ग होता. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने संमती, म्हणजे ‘लाइन क्लिअर’, दिल्यावरच आमच्या यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडे. तो चामडी पिशवीतून ड्रायव्हरच्या हाती गेल्याखेरीज गाडी हलत नसे. गोळा एकच, म्हणून गाडीही एकच. या नियमाने मला नोकरीभर शांत झोप दिली.

मधुमेह मला वीसएक वर्षांपासून आहे. इन्सुलिन दोन वेळा, सकाळी न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत प्लायवुडच्या फळीवर मी कराड ते सांगली हा मार्ग उभारला आहे. इंजिन विकतचे; डबे, फलाट आणि सायकलच्या तारांचा पूल माझ्या हातचा. मुलगा त्याला खेळणे म्हणतो. खेळण्याला सिग्नल नसतात.

सुई घेतली की नाही, याचा घोळ एक-दोनदा झाल्यावर मी नियम केला. ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली एक पोलादी गोळी हा माझा गोळा. दोन्ही स्थानकांत एकेक पितळी वाटी ठेवली. सकाळची सुई झाली की गोळा उघड्या डब्यात टाकून मालगाडी सांगलीला न्यायची आणि तो तिथल्या वाटीत ठेवायचा. संध्याकाळची झाली की परत कराडला. सकाळी गाडी कराडला दिसली तर सुई बाकी, सांगलीला दिसली तर झालेली. दोन वर्षे हे बिनचूक चालले.

त्या दिवशी मी साडेसातला सुई घेतली आणि खाली येऊन पोहे खाल्ले. नऊला वर गेलो तर गाडी कराडला उभी आणि गोळा कराडच्याच वाटीत. आपण सुई घेतली आहे, असे मनात कुठेतरी होते. पण मनात काय आहे यावर गाड्या सोडायच्या नसतात. मी यंत्रणेवर विश्वास ठेवला आणि पुन्हा सुई घेतली.

दहाच्या सुमारास घाम फुटला. पूल दोन दिसू लागले. पुढचे मला लोकांकडूनच ऐकावे लागते, आणि राग आहे तो त्याचाच.

“आवं मास्तर, तुमी लय बडबडत हुता,” सुभेदार येत्याजात्यासमोर मला ऐकवतात. “दवाखान्यात नेताना रिक्षात मला म्हणता, लाइन क्लिअर आल्याबिगर हलू नगा. मी म्हटलं, मास्तर, रिक्षाला कसली लाइन क्लिअर? तर माझी कॉलर धरली की!”

कॉलर मी धरली नव्हती. खांद्याचा आधार घेतला होता.

मुलगा संध्याकाळपर्यंत आला. “बाबा, तुम्ही गाडी न्यायला विसरलात, मग सुई घेतल्याचंही विसरलात. सरळ आहे. आता सांगलीला चला. इन्सुलिनचं पेन तुमच्या सूनबाईच्या ताब्यात राहील.”

“आणि फळी?”

“फ्लॅटमध्ये कुठं ठेवणार, बाबा?”

मी ठणकावून सांगितले की गाडी मी नेली होती. पुलावरचा तिचा आवाज माझ्या कानात आहे. कोणीतरी ती मागे आणली. तेव्हा दारातून पत्नी म्हणाली, “मीच आणली. धूळ पुसताना उचलली, आणि चुकून पलीकडं ठेवली गोळीसकट.”

 दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच परत गेला. मी जिंकलो होतो आणि महिनाभर ते सुभेदारांना ऐकवत होतो.

मात्र एका सकाळी फळीजवळ उभा असताना मला दिसू नये ते दिसले. कराड स्थानक भिंतीकडच्या कोपऱ्यात आहे. तिथे डबा घसरला तर मलाही फळीवर अर्धे ओणवे व्हावे लागते. आणि त्या घटनेच्या दिवशी इंजिनासह सातही डब्यांची सगळी चाके रुळांवर नेमकी बसलेली होती.

मी तिला हाक मारली. “तो शेवटचा डबा जरा रुळावर ठेव.”

तिने हात लांबवला. तिचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून आखडलेला आहे. हात निम्म्यावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिले.

“मग त्या दिवशी?” मी विचारले.

“आवं, काय करायचं हुतं मी? हा पसारा सोडून सांगलीत चार महिनं तरी काढलं असतं का तुमी?”

ती खाली जाताना जिन्यातली तिची पावले मी मोजत राहिलो. फळीकडे बघवेना. गाडी मीच नेली नव्हती; किंवा नेली होती आणि मीच परत आणली होती.  पुलावरचा तो आवाज मग कोणत्या दिवसाचा होता?

तेव्हापासून अंथरुणातून उठण्यापूर्वी मी स्टेशने म्हणतो. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. हा मार्ग मी झोपेतही म्हणू शकत असे. एकदा ताकारीपर्यंत आलो आणि पुढे काहीच नव्हते. पुढचे नाव सापडेपर्यंत मी चादर मुठीत धरून पडून होतो.

चूक कुठे होती ते मला कळले आहे, आणि ती विसरण्याहून जुनी आहे. दोन्ही स्टेशनांचा मास्तर मी एकटाच झालो होतो. माझ्या हाताखालच्या कोणी असे केले असते तर मी त्याला घरी बसवले असते. म्हणून आता गोळा पत्नीच्या ताब्यात असतो, मसाल्याच्या डब्याशेजारी. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मी तो मागतो; तो मिळाल्याखेरीज सुई घेत नाही.

“लाइन क्लिअर?”

“थांबा जरा, दूध उतू जातंय. सिग्नलला उभं राहायची सवय हाय न्हवं तुमाला?”

तिला यात मजा वाटते. मी वाटू देतो.

गेल्या मंगळवारी मी नेहमीसारखा दारात उभा राहिलो. ती भाकरी थापत होती. तिने मागे न बघता म्हटले, “मघाशीच दिला की.”

ती थट्टा करते आहे असे मला वाटले. वाट पाहिली. ती हसली नाही; तिचे पीठ भरलेले हात परातीतच थांबले. मग मी सदऱ्याच्या खिशात हात घातला. गोळा तिथे होता, अंगाच्या उबेने कोमट झालेला. सुई घेतली होती की नव्हती, ते मला ठाऊक नव्हते. वर न जाता मी दाराशीच बसलो. तिने हात धुतले, साखर तपासण्याचे यंत्र आणले, माझे बोट धरले. मग वर जाऊन पेनची वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात पडली आहे का, ते पाहून आली.

“झालीय,” ती म्हणाली. “एकदाच.”

मग तिने माझ्यापुढे ताट ठेवले. सांगलीला आम्ही अजून काही कळवलेले नाही. मुलगा हे वाचेल तेव्हा फोन करील. या हकिकतीत खोडण्यासारखे माझ्याकडे काही नाही.