डावखुरी रेघ

रेघोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोटारसायकलच्या टाकीवर केसाएवढ्या बारीक रेघा ओढाव्यात तर याने, अशी ख्याती झाली आणि गाडीवाल्यांनीच ते नाव पाडलं. नाव गाजलं, आणि मग मेला हात कापायला लागला.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, हे असंच राहणार. तसं त्याचं काही अडत नव्हतं. जेवता यायचं, रंगाची फवारणी करता यायची. फक्त रेघांचा लांब केसांचा ब्रश टाकीला टेकला की हात ऐकायचा नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, द्या इकडे. इतकी वर्षं बघतेय, काहीतरी उतरलं असेलच की हातात!" ती जन्माची डावखुरी. तिने डाव्या हाताने अशी काही रेघ ओढली की रेघोबाला आनंद व्हायच्या आधी हेवा वाटला.

तेव्हापासून खालचा रंग, पट्टे, ज्वाळा हे सगळं त्याचं. त्यांच्या कडेच्या रेघा आणि वेलबुट्टी तिची. आणि नाव मात्र सगळं त्याचं. गिऱ्हाईक आलं की ती ब्रश ठेवून आत जायची.

मग प्रदर्शनात ठेवायच्या एका गाडीची टाकी आली. त्या वेळी तिने पहिल्यांदाच काही मागितलं. "तुमच्या सहीशेजारी माझं एक अक्षर घालू का? एवढंसंच."

"बघू," रेघोबा म्हणाला. नवऱ्याच्या "बघू"चा अर्थ काय असतो ते बायकांना सांगायला लागत नाही.

टाकी होत आली होती आणि उस्ताद दारात हजर! रेघोबा ज्यांच्या हाताखाली घडला ते हे उस्ताद. बसा म्हणायच्या आत ते टाकीवर वाकले. काळ्या रंगावर निळ्या ज्वाळा, आणि ज्वाळांना सोनेरी रेघांची किनार.

"वा रे पठ्ठ्या!" ते म्हणाले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी पुन्हा बघितलं. "पण काय रे, तू डावखुरा कधी झालास?"

रेघ संपताना ब्रश उचलला की मागे एक बारीक शेपूट राहतं. उजव्या हाताचं एका बाजूला झुकतं, डाव्याचं दुसऱ्या. गाडीवाल्यांना ते सात जन्मांत दिसलं नसतं. उस्तादांना दिसलं.

बायको आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली? तोंडाशी आलंही होतं बिचाऱ्याच्या. पण जन्मभर ज्यांची शाबासकी कमावली त्यांच्यासमोर "ही रेघ माझी नाही" म्हणायला जीभ उचलेना.

"उजवा कापतो ना, उस्ताद. म्हणून डावा तयार केला."

"या वयात? अरे, तुझेच पाय धरायला हवेत! ही एवढी कड राहिलीय बघ. ओढ, माझे डोळे निवू देत."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. रेघोबाने डाव्या हातात ब्रश धरला. पावसात गोगलगाय फिरावी तशी रेघ निघाली, तीही ज्वाळेवरून आडवी. घाबरून त्याने थिनरचा बोळा उचलला आणि खसाखसा पुसलं.

नवशिकाही करणार नाही अशी ती चूक होती. खालच्या थरावर पारदर्शक लॅकरचा हात बसला असेल तरच वरचं पुसायचं, हे त्यानेच बायकोला शिकवलं होतं. त्याच्या ज्वाळा लॅकरखाली सुखरूप राहिल्या. सोनेरी रेघांवर लॅकर अजून मारायचं होतं. बोळ्याबरोबर त्या निघून आल्या, तिच्या तेवढ्या.

उस्तादांची नजर तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर गेली. "सूनबाई, बोटांना सोनेरी कुठून लागलं?"

ती क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिली. "मी रंग ढवळते ना, उस्ताद."

रेघोबाला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने उस्तादांसमोर वाभाडे काढले असते तर निदान भांडता आलं असतं. तिने त्याची लाज राखली, तीही त्याने तिचं काम पुसून टाकल्यावर. उस्ताद पाणी पिऊन लगेच निघाले. जाताना पाठीवर नेहमीची थाप पडली नाही.

तिने त्या रेघा पुन्हा ओढल्या. अबोला धरला नाही, जेवायला हाक मारली, पण अक्षराचं नाव काढलं नाही. त्यालाही "घाल ना" म्हणायचा धीर झाला नाही. तो दिवसभर तिच्या पाठीकडे बघत बसायचा आणि तिने वळून बघितलं की उगाच डबे हलवायचा.

गाडीवाला टाकी न्यायला आला तेव्हा ती सवयीने आत निघाली. रेघोबाने तिचा हात धरला. "या रेघा माझ्या नाहीत," तो म्हणाला. "हिच्या आहेत. कित्येक वर्षं हीच ओढतेय."

गाडीवाला खो खो हसला. "रेघोबा, वहिनींना खूश ठेवावं तर तुम्हीच!"

"अहो, खरंच! विचारा तिला."

"काय वहिनी?"

"हो," ती म्हणाली. "माझ्याच आहेत."

"झालं! दोघंही एकमेकांना सामील!" त्याने हसतहसत टाकी चादरीत गुंडाळली, रेघोबाचा उजवा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि निघून गेला.

तिने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"उस्तादांनी विचारलं तेव्हा बोलला असतात," ती म्हणाली, "तर त्यांना खरं वाटलं असतं."