नळ फक्त गाईडमध्ये आलाय

मंडळी, आधी कालच्या पोस्टमधली चूक सुधारते. माझ्या इंग्रजीच्या क्लासला दहावीच्या मुली आळसामुळे उशिरा येतात, असं मी लिहिलं होतं. खरं तर त्या पाण्याच्या टँकरच्या रांगेत असतात.

आज 'पूर्वी काय होतं, आता काय बदललं' यावर इंग्रजीत वाक्यं लिहायला दिली. कोमलने लिहिलं, 'पूर्वी आम्ही टँकरचं पाणी भरायचो. आता घरात नळ आहे.' भरलेला हंडा दाराशी ठेवून आत आलेली ही मुलगी!

"नळ कधी आला गं?"

"न्हाई आला, ताई. गाईडमदी तसंच हाय."

सगळ्या हसल्या. माझं डोकं फिरलं. मला लिहायला आईने घरीच शिकवलं, खोटं वाक्य ती सरळ खोडायची. मी म्हटलं, "खरं लिही."

"खरं लिवलं तर पूर्वी बी टँकर, आन आता बी टँकर. मंग मार्क कोन देनार?"

मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतं?

चारचौघांत बोलताना माझा आवाज कापतो. तरी नळाचं मी सरपंचांना विचारणार आहे, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. येत्या शुक्रवारी.