दिघीच्या धक्क्यावर चार प्लग

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेत होती, साडेनऊ हजार फुटांवर. पलटणीच्या वर्कशॉपमध्ये मी हवालदार मेकॅनिक. सकाळी ०६०० वाजता पीटी, ०८०० वाजता वर्कशॉपसमोर फॉल-इन आणि मग अंधार पडेपर्यंत जिप्सी, ट्रक, जनरेटर. गावातली शाळेची मुलं मला विचारतात, काका, तुम्ही गोळी किती वेळा चालवलीत? मी खरं सांगतो. वर्षातून एकदा, रेंजवर. पाना मात्र रोज चालवला. मुलांचे चेहरे पडतात, त्याला माझा इलाज नाही.

नाईक अनंत हा आमच्या एमटीचा, म्हणजे गाड्यांच्या विभागाचा ड्रायव्हर. त्याचं गाव आगरदांड्याच्या अलीकडे, माझं मुरूडच्या बाजूला. फौजेच्या हिशेबात आम्ही एका घरचेच. सुक्या जवळ्याची आठवण दोघांना एकाच वेळी यायची, आणि लंगरमध्ये राजमा समोर आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. अनंत फार बोलायचा नाही. गाडीवर मात्र त्याचा जीव होता. मी काम केलेली गाडी तो पुन्हा तपासायचा, आणि मला त्याचा राग यायचा.

आमच्याकडे जिप्सी दोन प्रकारच्या होत्या. एक जुनी, कार्ब्युरेटरची. दुसरी नवी, इंजेक्शनची. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. स्पार्क प्लगही एकमेकींचे बसतात, आटे तेच, पाना तोच. फरक आहे तो गॅपमध्ये. प्लगच्या टोकाला मधली दांडी असते आणि तिच्यावर वाकवलेली एक पट्टी. त्या दोघींमधल्या फटीतून ठिणगी उडते. नव्या गाडीची ठिणगी देणारी कॉइल जोरकस, तिला १.१ मिलिमीटर फट चालते. जुनीला ०.७ ते ०.८. त्यापेक्षा जास्त ठेवली तर सपाटीला गाडी कुरकुर करत नाही, आणि चढ लागला की रडते. होडीतून धक्क्यावर रिकाम्या हाताने माणूस लांब ढांग टाकतो. डोक्यावर म्हावऱ्याची टोपली असली की तेवढीच ढांग जमत नाही. ठिणगीचंही तसंच आहे. इंजिनावर भार आला की तिला तीच फट मोठी होते.

हे सगळं मला एका सकाळी कळलं. मी अनंतच्या जुन्या जिप्सीला स्टोअरमधून आलेले चार नवे प्लग डबीतून काढून तसेच बसवले होते. दुसऱ्या दिवशी तो सीओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यांना, घेऊन वरच्या पोस्टवर निघाला. ०९१५ वाजता वायरलेस सेट वाजला.

"गाड़ी मिसफायर कर रही है. चढ़ नहीं रही. ओव्हर."

मी विचारलं, "साहब कहाँ हैं? ओव्हर."

"धक्का लगा रहे हैं. ओव्हर."

मला सात दिवस पाठीवर पिठ्ठू बांधून पळायची शिक्षा झाली. ती संपल्यावर अनंत वर्कशॉपमध्ये आला आणि त्याने गॅप कसा मोजतोस म्हणून विचारलं. मी फीलर गेज दाखवला, जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. त्या दिवसांत मला मायक्रोमीटरने दिसेल ते मोजायचं वेड होतं. त्याच्या खिशात कॅन्टीनचं स्मार्ट कार्ड होतं, ते घेऊन मोजलं. ०.७६. अनंतने आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, मग गेज हरवला तरी काम अडायचं नाही. पुढे गेज खरोखरच हरवला आणि स्टोअरमधून नवा येईपर्यंत आम्ही त्याच्या कार्डावर चार गाड्या चालवल्या.

त्याच्या पुढच्या पावसात वरच्या रस्त्यावर दरड कोसळायला लागली. अनंतची जिप्सी सगळ्यात पुढे होती. तो उतरून मागच्या ट्रकना हाताने मागे घालत राहिला. तिन्ही ट्रक वाचले. अनंत राहिला नाही. वर्कशॉपमध्ये त्याच्या गाडीची चावी खिळ्याला आठवडाभर तशीच होती, ती काढायला कोणी धजेना.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी निवृत्त होऊन घरी आलो आणि लिलावातली एक जुनी कार्ब्युरेटरची जिप्सी घेतली. बायको, शैला, म्हणाली की माणसं निवृत्तीनंतर गाय घेतात, तुम्ही हे घेतलंत. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चारापाणी सारखंच लागतं.

अनंत शिकायला श्रीवर्धनला मामाकडे होता. तिथल्या त्याच्या शाळेने नवीन फाटकाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. अनावरण त्याच्या आईच्या हस्ते, सकाळी ११०० वाजता. मी निरोप द्यायला गेलो, तर काकी, म्हणजे अनंतची आई, सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, नजर शाबूत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी ती गाडी, तो चालवायचा तीच ना रं?"

मी म्हटलं, ती नव्हे, पण तसलीच.

"मग मला तीतून ने. तो काय चालवायचा ते मी कधी बघितलंच न्हाय."

एवढं एकच मागणं त्यांनी बारा वर्षांत माझ्याकडे केलं होतं.

फौजेत एक रोग आहे. इन्स्पेक्शन म्हटलं की आपण दिसेल तेवढं चमकवतो. आदल्या दिवशी सकाळपासून मी गाडीला लागलो. बॉनेटला पॉलिश, टायरला काळा रंग, नटांना पांढरा ठिपका. काच तीन वेळा पुसली. प्लग जुने झालेच होते, टोकं झिजलेली, म्हणून तेही बदलायचे होते. दुकानदाराकडे 'जिप्सीचे प्लग' मागितले, त्याने दिले, मी डबीतून काढून दहा मिनिटांत बसवले. गॅप मोजला नाही. ज्या चुकीसाठी सात दिवस पिठ्ठू वाहिला, तीच चूक पन्नाशी ओलांडल्यावर टायर काळे करायच्या नादात पुन्हा केली. लिहिताना आजही लाज वाटते.

सकाळी ०७४५ वाजता निघालो. काकी पुढे माझ्या शेजारी, नऊवारी, मांडीवर कापडी बटवा. शैला मागे. मी ब्लेझर आणि मेडलं घातली होती. आगरदांड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली आणि उतारावरून आरामात फेरीबोटीत शिरली. खाडी पार करून ०९०५ वाजता दिघीला लागलो. ओहोटी होती. अशा वेळी फेरीतून बाहेर येताना धक्क्याचा चढ चांगलाच उभा असतो. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी खोकायला लागली. फट, फट. अर्ध्या चढावर बंद.

मागे दहा गाड्या हॉर्न देत होत्या. फेरीवरच्या माणसांनी आणि मागच्या टेम्पोवाल्याने ढकलून आम्हाला थोडं वर, कडेला काढलं. ढकलणाऱ्यांत ब्लेझरवाला एक हवालदारही होता. मला सीओ साहेबांची फार आठवण झाली.

बॉनेट उघडायच्या आधीच मला दुखणं कळलं होतं. पुढे श्रीवर्धनपर्यंत तासाभराचा रस्ता आणि वाटेत चढ. हे प्लग घेऊन पहिलाच चढ जमला नसता. घड्याळात ०९२० झाले होते. दहाच्या आत निघालो तरच पोहोचणार होतो.

टेम्पोवाल्याचं नाव इरफान. सुपारीची पोती घेऊन तोही श्रीवर्धनलाच चालला होता. आजींना मी पोचवतो, असं तो आपणहून म्हणाला. मी काकींना सांगितलं की तुम्ही आणि शैला पुढे व्हा, मी मागून येतो. काकींनी टेम्पोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"धा वाजेपर्यंत मी हितंच बसत्ये. न्हाय झाली तर ह्याच्या टेम्पोतून जाईन. कार्यक्रम काय चुकवायचा न्हाय."

सीओ साहेबांनी याहून सरळ ऑर्डर कधी दिली नव्हती. इरफान म्हणाला, थांबतो मी.

इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढला तर हेडमधले आटेच निघून येतात, म्हणून आधी इंजिन निवू द्यावं लागतं. वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं. तेवढ्यात मी माप शोधायला लागलो. फीलर गेज घरी टूलबॉक्समध्ये, गाडीत फक्त पाना आणि स्क्रूड्रायव्हर. मग अनंतचं कार्ड आठवलं, ०.७६. माझं पाकीट, त्यात कॅन्टीन कार्ड आणि लायसन्स, शैलाने सकाळीच काढून ठेवलं होतं. ब्लेझरचा खिसा फुगतो म्हणून. म्हणजे मी लायसन्सशिवाय गाडी चालवत होतो, हे आरटीओतल्या कोणी वाचलं तर सोडून द्यावं. शैलाचं एटीएम कार्ड कपाटात. इरफानला विचारलं.

"कार्ड कोन ठेवतो काका आता? सगला फोनवर. लायसन पन फोनमदी."

काकी ऐकत होत्या. त्यांनी बटवा सोडला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कॅन्टीन कार्ड होतं. शहिदाच्या आईला मिळतं ते. त्यावर काकींचा फोटो आणि खाली अनंतचा नंबर, हुद्दा, नाव. कार्यक्रमात कोणी मागितलं तर असावं म्हणून घेतलं होतं. एरवी कॅन्टीनला जायला मुंबई गाठावी लागते, म्हणून ते कधी वापरलंच नव्हतं.

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "काकी, ह्याच्यावर ओरखडे उठतील."

"उठू देत की. कपाटात पडूनच हाय ते. घे."

मी ते घेतलं आणि आधी त्याचं नाव वाचलं. ते नाव मी बारा वर्षांत छापलेलं पाहिलं नव्हतं.

०९४० वाजता कामाला लागलो. ब्लेझर शैलाकडे दिला. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लगभोवतीची रेती फुंकून टाकायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. पहिला प्लग काढला, ओल्या फडक्यात धरून थंड केला, गालाला लावून पाहिला, कारण ऊन प्लगने कार्ड वितळलं असतं. मग कार्डाचा कोपरा फटीत घातला. कार्ड आत गेलं आणि वर जागा उरली. डबीवरचं नाव जिप्सीचं होतं, गॅप नव्या जिप्सीचा.

वाकडी पट्टी धक्क्याच्या दगडावर अगदी हलकी ठोकायची. मधल्या दांडीला आणि पांढऱ्या चिनीमातीला धक्का लागू द्यायचा नाही. ठोका, कार्ड घालून बघा, पुन्हा ठोका. कार्ड किंचित घासत गेलं पाहिजे. तीन प्लग झाले. चौथ्याला घाईत जोर जास्त झाला आणि फट मिटली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती पुन्हा उचलावी लागली. इरफान मोबाइलवर वेळ सांगत होता, मी त्याला गप्प राहायला सांगितलं. प्लग आधी बोटांनी फिरवून बसवायचा, पाना शेवटी. ०९५६ वाजता चावी फिरवली. इंजिन चालू झालं. गिअर टाकून धक्क्याचा उरलेला चढ घेतला. खोकला गेला होता.

मी कार्ड पुसून परत दिलं. कोपऱ्यावर बारीक रेघा उठल्या होत्या. काकींनी ते उजेडात धरून पाहिलं, पिशवीत घातलं आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या. इरफान आमच्या मागे राहिला. गरज नव्हती, तरी शाळेपर्यंत तो मागेच होता.

वाटेतल्या चढांवर गाडीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रस्त्याने केलं. खड्डे, वळणं, वर जिप्सीच्या स्प्रिंगा, आणि त्या कोणाची दयामाया करत नाहीत. शैला मागे दोन्ही हातांनी दांडा धरून होती. काकींनी पूर्ण रस्ताभर माझ्या हातांकडे पाहिलं, गिअरवर, स्टिअरिंगवर. फक्त एकदा विचारलं की तो सकाळी बसला की किती वाजता उतरायचा. मी म्हटलं, कधी कधी बारा बारा तास.

१०५३ वाजता शाळेच्या दारात पोहोचलो. मी काळ्या झालेल्या शर्टावर ब्लेझरची सगळी बटणं लावली. मुलं रांगेत उभी होती. काकींनी दोरी ओढली, कापड बाजूला झालं. नाईक अनंत, असं फाटकावर कोरलेलं. मी सॅल्यूट केला आणि सावधान उभा राहिलो. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या शौर्याविषयी सांगितलं, चांगलं सांगितलं, आणि मग काकींसमोर माइक धरला. दोन शब्द बोला म्हणाल्या.

काकींनी माइककडे पाहिलं, मग मुलांकडे.

"पोरांनो, त्या गाडीत बसून माझी पाठ मोडली."

मुलं हसली. मास्तरही हसले. काकीही हसल्या. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी फाटकावरच्या नावाकडे पाहिलं.

"ह्या गाडीत तो रोज बसायचा. बारा बारा तास. रजेवर आला की मी इचारायची, बरा हायस ना? मजेत हाय म्हनायचा. मी कधी त्याच्या पाठीला तेल लावलं न्हाय. मला म्हाईतच नव्हतं."

त्यांनी माइक परत दिला आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. माझे डोळे भरून आले होते. मी सावधानमध्ये उभा होतो, म्हणून पुसता आले नाहीत.